सर्व्हर चालू होताच ॲप्लिकेशन आपोआप सुरू करणे : सिस्टिमडी सर्व्हिस

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डीस्पेस हे सॉफ्टवेअर बसवलेले आहे असे समजा. प्रबंध, जुन्या प्रश्नपत्रिका, प्राध्यापकांचे लेख असे सगळे त्यात साठवले आहे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचे शोधगंगा हे प्रबंधांचे भांडार डीस्पेसवरच उभे आहे, त्यामुळे ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव नवीन नसावे. शनिवारी रात्री वीज जाते. यूपीएस काही वेळ तग धरतो, मग सर्व्हर बंद पडतो. पहाटे वीज येते, सर्व्हरही चालू होतो, पण सोमवारी सकाळी विद्यार्थ्यांना पानच उघडत नाही. ज्याने डीस्पेस बसवले त्याने ते टर्मिनलवर आज्ञा देऊन हाताने चालू केले होते आणि तो आता दुसऱ्या गावी नोकरीला आहे. कोणती आज्ञा द्यायची हे कुणालाच ठाऊक नाही.

ही अडचण मुळातच येऊ नये यासाठी काय करायचे ते या पाठात पाहू. उदाहरण डीस्पेसच्या सातव्या आवृत्तीचे आहे. तिचा मागचा भाग टॉमकॅट या जावा सर्व्हरवर चालतो आणि त्याला पोस्टग्रेस हा डेटाबेस व सोलर हे शोधयंत्र लागते. तुमचे ॲप्लिकेशन पायथन किंवा नोडमध्ये लिहिलेले असले तरी रीत हीच राहते. लिनक्सच्या टर्मिनलवर फाइल उघडणे, बदलणे आणि सुडो वापरणे तुम्हाला येते असे धरले आहे.

वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. या पाठात आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करायची आहेत.

पहिली प्रक्रिया

बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर जागे होते. ते ग्रब या बूटलोडरला बोलावते, ग्रब लिनक्सचे कर्नल मेमरीत आणतो आणि कर्नल हार्डवेअर ओळखून झाल्यावर एकच प्रोग्रॅम सुरू करते. त्याचा प्रक्रिया क्रमांक १ असतो. बाकी सगळ्या सेवा हा क्रमांक १ सुरू करतो. म्हणजे आपले काम एवढेच, की आपल्या ॲप्लिकेशनचे नाव या क्रमांक १ च्या यादीत घालायचे.

पूर्वी ही जागा इनिट या प्रोग्रॅमकडे होती. ईटीसी फोल्डरमधील इनिट डॉट डी या उपफोल्डरात प्रत्येक सेवेची एक शेल स्क्रिप्ट असे आणि त्या स्क्रिप्टा क्रमांकानुसार एकामागून एक चालत. एक अडली की मागच्या साऱ्या खोळंबत. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी पुढे आणले. २०११ मध्ये फेडोराने, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने आणि २०१५ मध्ये डेबियन व उबुंटू यांनी ते स्वीकारले. सिस्टिमडीवर वाद पुष्कळ झाले, पण आज भारतातल्या एखाद्या महाविद्यालयात वा कार्यालयात लिनक्स सर्व्हर दिसला तर त्याचा क्रमांक १ बहुधा सिस्टिमडीच असतो, म्हणून आपण तेच शिकू. जुन्या स्क्रिप्टाही तुम्हाला भेटतील. सोलर बसवणारी स्क्रिप्ट जुन्या पद्धतीचीच इनिट स्क्रिप्ट ठेवत आली आहे आणि सिस्टिमडी तिच्यावरून स्वतःच एक सेवा तयार करून घेते.

आरसी डॉट लोकल या फाइलीत एक ओळ लिहून किंवा क्रॉनमध्ये ॲट रीबूट अशी नोंद करूनही काम भागते, असे सल्ले जागोजागी मिळतात. प्रोग्रॅम सुरू होतो हे खरे. पण तो नंतर कोसळला तर पुन्हा उभा करणारे कोणी नसते, डेटाबेस आधी तयार आहे का हे पाहणारे कोणी नसते आणि त्याने छापलेले त्रुटीसंदेश कुठे गेले ते शोधत बसावे लागते. छोट्याशा स्क्रिप्टेसाठी ठीक, ज्यावर लोक अवलंबून आहेत त्या सर्व्हरसाठी नाही.

हाताने चालते, आपोआप का चालत नाही?

बहुतेकांची पहिली सर्व्हिस फाइल चालत नाही, कारण टर्मिनलवर आपल्याला फुकट मिळणाऱ्या गोष्टी सिस्टिमडीकडे नसतात. तुम्ही लॉगिन करता तेव्हा शेल तुमच्या होम फोल्डरातील बॅशआरसी, प्रोफाइल यांसारख्या फाइली वाचते. जावा कुठे आहे हे सांगणारा जावा होम हा चल तिथे ठरतो, पाथमध्ये जास्तीचे फोल्डर तिथे जोडले जातात. सिस्टिमडी यातली एकही फाइल वाचत नाही. तो प्रोग्रॅमला अगदी मोजके वातावरण देतो.

दुसरे म्हणजे चालू फोल्डर. तुम्ही ॲप्लिकेशनच्या फोल्डरात शिरून आज्ञा देता, त्यामुळे 'कॉन्फिग फोल्डरातील अमुक फाइल' असा अर्धवट पत्ताही चालून जातो. सिस्टिमडी सिस्टम सेवा मूळ फोल्डरातून, म्हणजे नुसत्या स्लॅशमधून सुरू करतो. तिथे ती फाइल सापडत नाही.

तिसरे म्हणजे शेलची चिन्हे. सर्व्हिस फाइलीतली आज्ञा शेलमधून जात नाही. होम फोल्डर दाखवणारे टिल्ड, दोन आज्ञा जोडणारे दुहेरी अँड, आउटपुट फाइलीत वळवणारे मोठेपणाचे चिन्ह ही सारी तिथे निव्वळ अक्षरे ठरतात. आणि चौथे म्हणजे वापरकर्ता. काही सांगितले नाही तर सेवा रूट म्हणून चालते. एकदा रूट म्हणून चालली की तिने लिहिलेल्या लॉगफाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि मग साध्या वापरकर्त्याने चालवायला गेले तर परवानगी नाकारली जाते. म्हणून सुरुवातीलाच डीस्पेस नावाचा वेगळा, लॉगिन नसलेला वापरकर्ता तयार करा आणि डीस्पेसचे व टॉमकॅटचे फोल्डर त्याच्या मालकीचे करा. इंटरनेटला तोंड देणारे ॲप्लिकेशन रूट म्हणून चालवणे म्हणजे घराच्या किल्ल्या दारालाच लावून ठेवणे होय. रूट नसल्यामुळे १०२४ च्या खालचे पोर्ट सहसा मिळत नाहीत, पण टॉमकॅटला ८०८० पुरते. ८० आणि ४४३ या पोर्टांवर एनजिनएक्स बसवून त्याच्याकडून मागण्या ८०८० कडे पाठवाव्यात.

सर्व्हिस फाइल

टॉमकॅट तुम्ही संकेतस्थळावरून उतरवून ऑप्ट फोल्डरातील टॉमकॅट या उपफोल्डरात ठेवला असेल, तर सर्व्हिस फाइल तुम्हालाच लिहावी लागेल. तिची जागा स्लॅश ईटीसी स्लॅश सिस्टिमडी स्लॅश सिस्टम. नाव डीस्पेस डॉट सर्व्हिस. फाइलीत तीन विभाग असतात आणि प्रत्येकाचे नाव चौकोनी कंसात लिहितात : युनिट, सर्व्हिस आणि इन्स्टॉल. प्रत्येक ओळ 'नाव, बरोबरचे चिन्ह, किंमत' अशी. नावांमधली कॅपिटल अक्षरे जशीच्या तशी हवीत. उदाहरणार्थ, एक्झेकस्टार्टमधला ई आणि मधला एस हे दोन्ही कॅपिटल असतात. नाव चुकले तर सिस्टिमडी फक्त इशारा नोंदवून ती ओळ सोडून देतो, आणि आपण ती लागू झाली असे समजून बसतो. म्हणून फाइल लिहून झाल्यावर सिस्टिमडी ॲनालाइझ व्हेरिफाय ही आज्ञा फाइलीचा पत्ता देऊन चालवा. चुकलेली नावे ती दाखवते.

आधी सर्व्हिस हा मधला विभाग भरू. त्यात यूझरपुढे डीस्पेस. वर्किंगडिरेक्टरीपुढे टॉमकॅटच्या फोल्डराचा पूर्ण पत्ता. एन्व्हायर्नमेंटपुढे जावा होम आणि त्याची किंमत. असे चल बरेच असतील तर ते वेगळ्या फाइलीत ठेवून एन्व्हायर्नमेंटफाइलपुढे तिचा पत्ता द्या. मात्र त्या फाइलीत एक्स्पोर्ट हा शब्द लिहायचा नाही, ती शेल स्क्रिप्ट नव्हे.

मग एक्झेकस्टार्ट. येथे टॉमकॅटबाबत एक हमखास चूक होते. टॉमकॅटच्या बिन फोल्डरात स्टार्टअप डॉट एसएच ही स्क्रिप्ट आहे आणि हाताने चालू करताना सगळे तीच वापरतात. ती टॉमकॅटला पार्श्वभूमीत सोडते आणि स्वतः संपते. सिस्टिमडीचा मूळ सेवाप्रकार सिंपल आहे. त्यात एक्झेकस्टार्टने सुरू केलेली प्रक्रिया हीच मुख्य सेवा मानली जाते. ती क्षणात संपली की सिस्टिमडी समजतो काम झाले, आणि त्या सेवेच्या गटात मागे राहिलेल्या प्रक्रिया, म्हणजे नुकताच जन्मलेला टॉमकॅटच, बंद करून टाकतो. बघणाऱ्याला वाटते टॉमकॅट बिघडला. उपाय दोन आहेत. टाइप फोर्किंग लिहून पीआयडी फाइलीचा पत्ता द्यायचा, किंवा त्याच फोल्डरातील कॅटालिना डॉट एसएच या स्क्रिप्टेला रन हा शब्द जोडून चालवायचे, म्हणजे टॉमकॅट पार्श्वभूमीत जातच नाही. माझ्या मते दुसरा उपाय केव्हाही बरा. पीआयडी फाइलीची भानगड राहत नाही आणि टॉमकॅट पडद्यावर जे छापतो ते थेट सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये जाते.

आणखी एक ओळ जावासाठी. सेवा थांबवताना सिस्टिमडी आधी टर्म हा संकेत पाठवतो. जावा तो मिळाल्यावर नीट आवरून बाहेर पडते, पण १४३ हा निर्गम क्रमांक देते. सिस्टिमडीला ते अपयश वाटते आणि व्यवस्थित थांबवलेली सेवाही लाल अक्षरांत 'फेल्ड' दिसते. सक्सेसएक्झिटस्टेटसपुढे १४३ लिहिले की हा गैरसमज मिटतो.

टॉमकॅट डेबियन किंवा उबुंटूच्या पॅकेजमधून बसवला असेल तर मात्र नवी फाइल लिहू नका. पॅकेजबरोबर सर्व्हिस फाइल येतेच, तिच्यात फक्त भर घालायची असते. सिस्टिमसीटीएल एडिट टॉमकॅट९ अशी आज्ञा दिली की एक छोटी पुरवणी फाइल उघडते. त्यात लिहिलेल्या ओळी मूळ फाइलीवर चढतात आणि पॅकेज अद्ययावत झाले तरी टिकतात. टॉमकॅट९ च्या पॅकेजने सुरक्षेसाठी सेवेला बहुतेक फाइल प्रणाली फक्त वाचण्यापुरती खुली ठेवली आहे. त्यामुळे मालकी आणि परवानग्या सगळ्या बरोबर असूनही डीस्पेसला आपल्याच फोल्डरात लिहिता येत नाही. पुरवणीच्या सर्व्हिस विभागात रीडराइटपाथ्सपुढे डीस्पेसच्या फोल्डराचा पत्ता द्यावा लागतो.

कोणाच्या नंतर?

आता युनिट विभाग. यात क्रम आणि अवलंबन ठरते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि सिस्टिमडी शिकताना सर्वात जास्त घोळ इथेच होतो. आफ्टरपुढे पोस्टग्रेसच्या सेवेचे नाव लिहिले तर अर्थ एवढाच, की दोन्ही सुरू होणार असतील तर आधी पोस्टग्रेस आणि मग आपण. पोस्टग्रेस सुरू करा असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. ते सांगायला वॉन्ट्स किंवा रिक्वायर्स लागते. उलट नुसते रिक्वायर्स लिहिले तर पोस्टग्रेसलाही बोलावले जाते, पण दोघे एकदमच धावू लागतात. लग्नाच्या पंगतीत 'भटजींनाही बोलवा' आणि 'भटजी बसल्यावर आम्हाला वाढा' या दोन वेगळ्या सूचना असतात, तसेच हे. आपल्याला दोन्ही हव्यात, म्हणून पोस्टग्रेसचे नाव दोन्ही ओळींत येते. सोलरचेही तसेच.

डेबियन आणि उबुंटूवर पोस्टग्रेसची स्थिती पाहिली तर 'ॲक्टिव्ह, एक्झिटेड' असे दिसते. घाबरू नका. ती नावापुरती छत्रसेवा आहे, खरा डेटाबेस तिच्याखालच्या आवृत्तीनिहाय सेवेत चालतो आणि छत्रसेवा त्यानंतरच पूर्ण होते.

क्रम चुकला तर काय होते हे नीट समजून घ्या. डीस्पेस सुरू होतानाच डेटाबेसला जोडून घेते. डेटाबेस तयार नसेल तर ॲप्लिकेशन उभे राहण्यातच अपयशी ठरते. पण टॉमकॅट मरत नाही! तो ८०८० वर ऐकत राहतो आणि डीस्पेसचा पत्ता मागितला की ४०४ देतो. सिस्टिमडीच्या दृष्टीने प्रक्रिया जिवंत आहे, त्यामुळे स्थिती हिरवी, 'ॲक्टिव्ह, रनिंग'. पुन्हा सुरू करण्याची सोय केलेली असली तरी ती जागी होत नाही, कारण काही पडलेलेच नाही. मग कोणीतरी टॉमकॅट हाताने पुन्हा चालू करतो, तोवर डेटाबेस तयार झालेला असतो, सगळे चालते आणि कारण न कळताच विषय मिटतो. पुढच्या वेळी वीज गेली की तेच.

डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर आफ्टरचाही उपयोग नाही, कारण सिस्टिमडीला शेजारच्या मशीनचे काही दिसत नाही. अशा वेळी एक्झेकस्टार्टप्री वापरतात. ही आज्ञा मुख्य आज्ञेच्या आधी चालते आणि ती यशस्वी झाल्याशिवाय पुढे जात नाही. पोस्टग्रेसबरोबर पीजी इझरेडी नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. डेटाबेस जोडण्या घ्यायला तयार असेल तर तो ० देऊन बाहेर पडतो. शेलला डॅश सी देऊन त्यात 'पीजी इझरेडी यशस्वी होईपर्यंत एकेक सेकंद थांब' असे अनटिल वर्तुळ लिहायचे. येथे शेल मुद्दाम बोलावले आहे हे लक्षात घ्या. सुरू होण्याला मुळात ९० सेकंदांची मर्यादा असते. शेजारचे मशीन त्याहून हळू उठत असेल तर टाइमआउटस्टार्टसेक वाढवा. शिवाय आफ्टर आणि वॉन्ट्स या दोन्हींत नेटवर्क ऑनलाइन टार्गेट लिहा. नुसते नेटवर्क टार्गेट पुरत नाही, आयपी पत्ता मिळाला आहे याची हमी ते देत नाही.

डिस्कचाही असाच प्रश्न असतो आणि तो जास्त धोक्याचा आहे. प्रबंधांच्या मूळ फाइली ज्या ॲसेटस्टोअर फोल्डरात असतात तो पुष्कळ ठिकाणी वेगळ्या डिस्कवर ठेवतात. ती डिस्क उशिरा जोडली गेली किंवा जोडलीच गेली नाही, तर त्या जागी रिकामा फोल्डर असतो. डीस्पेस सुरू होते, नवे प्रबंध त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवर जाऊ लागतात. पुढे खरी डिस्क जोडली की ते तिच्याखाली झाकले जातात. डेटाबेसात नोंद आहे, फाइल दिसत नाही. युनिट विभागात रिक्वायर्समाउंट्सफॉर लिहून पुढे ॲसेटस्टोअरचा पत्ता दिला की डिस्क जोडली गेल्याशिवाय सेवा सुरूच होत नाही. मात्र ती डिस्क एफएसटॅब फाइलीत नोंदवलेली हवी.

इन्स्टॉल विभाग आणि एनेबल

तिसऱ्या विभागात एकच ओळ : वॉन्टेडबायपुढे मल्टी यूझर टार्गेट. टार्गेट म्हणजे सर्व्हरने गाठायचा टप्पा. मल्टी यूझर म्हणजे नेटवर्क आणि नेहमीच्या सेवांसह तयार झालेला सर्व्हर.

फाइल जतन केल्यावर सिस्टिमसीटीएल डेमन रीलोड द्या, म्हणजे सिस्टिमडी ती वाचेल. मग सिस्टिमसीटीएल स्टार्ट डीस्पेस आणि सिस्टिमसीटीएल एनेबल डीस्पेस. स्टार्ट म्हणजे आत्ता सुरू कर, एनेबल म्हणजे पुढच्या बूटपासून सुरू करत जा. स्टार्ट करून, पान उघडले हे पाहून एनेबल विसरणे हे फार सामान्य आहे. दोन्ही एकदम करायचे तर एनेबलला डॅश डॅश नाऊ जोडा. एनेबलमध्ये जादू काही नाही. मल्टी यूझर टार्गेटच्या वॉन्ट्स फोल्डरात आपल्या फाइलीकडे बोट दाखवणारी एक लिंक तयार होते, एवढेच. फोल्डर उघडून ती स्वतः पाहा.

सेवा कोसळली तर

सर्व्हिस विभागात रीस्टार्टपुढे ऑन फेल्युअर आणि रीस्टार्टसेकपुढे १० लिहा. दुसरी ओळ अनेक जण गाळतात. मुळात सिस्टिमडी अवघ्या १०० मिलिसेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो, आणि १० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा सुरू करावे लागले तर नाद सोडून देतो. सुरू होताच कोसळणारी सेवा अशा रीतीने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कायमची बंद पडते. १० सेकंदांचे अंतर ठेवले तर ती मर्यादा कधी गाठलीच जात नाही आणि तो प्रयत्न करत राहतो.

सुरूच होत नसेल तर आधी सिस्टिमसीटीएल स्टेटस पाहा. निर्गम क्रमांक २०३ असेल तर एक्झेकस्टार्टमधली फाइल सापडली नाही किंवा तिला चालवण्याची परवानगी नाही. रेड हॅटच्या कुटुंबात स्क्रिप्ट होम फोल्डरात ठेवली असेल तर एसईलिनक्समुळेही हाच क्रमांक येतो. २०० म्हणजे वर्किंगडिरेक्टरीत शिरता आले नाही, २१७ म्हणजे त्या नावाचा वापरकर्ता नाही. तपशिलासाठी जर्नलसीटीएलला डॅश यू देऊन सेवेचे नाव द्या. डॅश बी दिल्यास फक्त या बूटच्या नोंदी आणि डॅश बी उणे १ दिल्यास मागच्या बूटच्या नोंदी दिसतात. मागच्या नोंदी मिळण्यासाठी स्लॅश व्हार स्लॅश लॉग मध्ये जर्नल हा फोल्डर असायला हवा. काही प्रणालींवर तो नसतो, मग वीज गेली की नोंदीही जातात. तो आजच तयार करून ठेवा.

खरी परीक्षा

स्टार्ट यशस्वी झाला म्हणजे बूटही यशस्वी होईल असे नाही, कारण स्टार्ट देता तेव्हा डेटाबेस, डिस्क, नेटवर्क सारे आधीच तयार असते. ग्रंथालय बंद असेल अशा वेळी सर्व्हर रीबूट करा, लॉगिन न करता पाच मिनिटे थांबा आणि दुसऱ्या संगणकावरून एखादा प्रबंध उघडा. मुखपृष्ठ उघडून भागत नाही, कारण ते ॲसेटस्टोअरशिवायही दिसू शकते. शोधही करून पाहा, म्हणजे सोलर चालू आहे हे कळेल.

आणि वीज परत आल्यावर मशीन स्वतःहून चालू झाले तरच या सगळ्याचा उपयोग. ती सोय लिनक्समध्ये नसून बायोसमध्ये असते. रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस किंवा तत्सम नावाखाली बंदच राहा, पूर्वीच्या स्थितीत जा, चालू हो असे पर्याय असतात. बऱ्याच मशीनवर तो 'बंदच राहा' असा ठेवलेला आढळतो. तो बदला आणि सर्व्हिस फाइलीची एक प्रत छापून ग्रंथालयाच्या कपाटात ठेवा.

स्वाध्याय

१. डीस्पेस ७ चा समोरचा भाग नोडवर, ४००० या पोर्टवर चालतो. त्याच्यासाठी वेगळी सर्व्हिस फाइल लिहा. मागच्या भागाशी त्याचे नाते वॉन्ट्सने जोडाल की रिक्वायर्सने? मागचा भाग देखभालीसाठी थांबवला तर प्रत्येक पर्यायात समोरच्या भागाचे काय होईल ते करून पाहा.

२. चाचणीच्या मशीनवर आफ्टर आणि रिक्वायर्स या ओळी काढून, पोस्टग्रेस डिसेबल करून रीबूट करा. सिस्टिमसीटीएल स्टेटस काय म्हणतो आणि ब्राउझर काय दाखवतो, दोन्ही लिहून घ्या.

३. सिस्टिमडी ॲनालाइझ क्रिटिकल चेन ही आज्ञा डीस्पेस डॉट सर्व्हिससाठी चालवा आणि बूट होताना तुमची सेवा सर्वात जास्त वेळ कोणासाठी थांबली ते शोधा.